सर्व्हरवरची ही फाइल कुणाची? ॲप्ट, अपग्रेड आणि प्रॉडक्शनची धास्ती

आजचा विषय बरेच दिवस रेंगाळला होता. एसएसएचच्या भागानंतर तुमच्याकडून सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न असा: "आमचा उबुंटूचा सर्व्हर दोन वर्षं मस्त चालू आहे. लॉगिन केलं की रोज सांगतो, इतके इतके अपडेट्स बाकी आहेत. पण प्रॉडक्शन आहे हो. अपग्रेड चालवू की नको?" कुणी लिहिलंय, आमचे सीनियर म्हणतात चालत्या गाड्याला खीळ घालू नकोस. कुणी लिहिलंय, ऑडिटवाले म्हणतात सगळं लेटेस्ट करा, नाहीतर सही करणार नाही. या दोघांच्या मधे एक बिचारा ज्युनियर, आणि त्याच्या हातात सुडो.

तर आज तेच. उदाहरणं डेबियन आणि उबुंटूची घेतेय, कारण माझं रोजचं काम त्यांच्यावर आहे. रेडहॅटच्या घराण्यात कमांड वेगळ्या, विचार बराचसा सारखा. आणि वाचणाऱ्यांसाठी: कमांड मी बोलले तशाच इथं लिहिल्या आहेत, त्यामुळे कॉपी-पेस्ट होणार नाहीत. हातानं टाइप करा, प्रॉडक्शनवर तेच बरं.

कोठीवाला आणि बाजारहाट करणारा

आधी पॅकेज म्हणजे काय ते एकदा स्वच्छ करू. डेब फाइल उघडली तर आत मुख्यतः दोन गाठोडी असतात. एकात प्रत्यक्ष फायली, म्हणजे बायनरी, लायब्ररी, मॅन्युअल, कॉन्फिग. दुसऱ्यात कागदपत्रं: पॅकेजचं नाव, व्हर्जन, त्याला आणखी कुणाकुणाची गरज आहे, आणि बसवताना-काढताना चालवायच्या छोट्या स्क्रिप्ट्स. या स्क्रिप्ट्स रूट म्हणून चालतात हे लक्षात ठेवा. कुठल्यातरी साइटवरून डेब फाइल उतरवून बसवणं म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली देऊन आपण चहा प्यायला जाणं.

डीपीकेजी हा लग्नघरातला कोठीवाला. कुठली वस्तू कुठं ठेवली, कुणाच्या नावावर आली, याची वही त्याच्याकडे. ती वही /व्हार/लिब/डीपीकेजी या फोल्डरमध्ये असते. पण कोठीवाला बाजारात जात नाही. बाजारहाट ॲप्ट करतो: कुठल्या रेपॉझिटरीत काय मिळतं, एक वस्तू आणली तर तिच्याबरोबर आणखी कुठल्या चार लागतील, आणि नव्या पाहुण्याचं जुन्याशी पटत नसेल तर कुणाला बाहेर काढावं लागेल, हे सगळं तो ठरवतो आणि मग सामान कोठीवाल्याच्या हातात देतो.

या वहीचा खरा उपयोग काय? डीपीकेजी डॅश कॅपिटल एस आणि पुढं फाइलचा पाथ दिला की ती फाइल कुठल्या पॅकेजची आहे ते कळतं. युजर-बिनमधल्या कर्लबद्दल विचारलं तर उत्तर येतं, कर्ल पॅकेजची. युजर-लोकल-बिनमधल्या एखाद्या बायनरीबद्दल विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर येतं की कुठल्याच पॅकेजकडे अशा पाथची नोंद नाही. म्हणजे ती फाइल बेवारस आहे. कुणीतरी, कधीतरी, कुठूनतरी आणून ठेवली.

माझ्या मते प्रॉडक्शन सर्व्हरवर पॅकेज मॅनेजमेंट म्हणजे मुळात या एकाच प्रश्नाचं उत्तर तयार ठेवणं: ही फाइल कुणी आणली, आणि उद्या हिच्यात भोक सापडलं तर दुरुस्ती कोण घेऊन येणार? उत्तर "डिस्ट्रिब्युशन" असेल तर बरं. "आमची टीम, अमुक लॉकफाइलमधून" असेल तरी चालेल. उत्तर "माहीत नाही" असेल तर तिथं काम आहे.

जुना नंबर म्हणजे जुना माल नव्हे

आता ऑडिटवाल्यांकडे येऊ. त्यांचा स्कॅनर सर्व्हरला बाहेरून विचारतो, तुझं ओपनएसएसएच कुठलं? सर्व्हर नंबर सांगतो. स्कॅनर आपल्या यादीत बघतो, या नंबरमध्ये अमुक भोक आहे, आणि लाल रंगाची पीडीएफ बाहेर पडते.

गडबड अशी की डेबियन स्टेबल, उबुंटूच्या एलटीएस आणि रेडहॅट एंटरप्राइझ हे सगळे बहुतेक पॅकेजेसचा मुख्य नंबर गोठवून ठेवतात. भोक सापडलं की नव्या व्हर्जनमधला फक्त दुरुस्तीचा तुकडा उचलून जुन्या व्हर्जनला शिवतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. ठिगळ लावलेला शर्ट, पण शर्ट तोच, बटणं त्याच जागी, काजीही त्याच मापाची. त्यामुळे तुमचं ॲप्लिकेशन सकाळी उठून "हे फंक्शन कुठं गेलं?" असं विचारत नाही.

हार्टब्लीडचं उदाहरण यासाठी अगदी चपखल आहे. एप्रिल २०१४. ओपनएसएसएलमध्ये असं भोक निघालं की समोरचा माणूस एका विनंतीत सर्व्हरच्या मेमरीतला ६४ केबीपर्यंतचा तुकडा मागून घेऊ शकत होता, पुन्हा पुन्हा. पासवर्ड, सेशन, अगदी खाजगी कीसुद्धा. १.०.१ पासून १.०.१एफपर्यंतची व्हर्जन्स त्यात सापडली, आणि ओपनएसएसएलवाल्यांनी दुरुस्ती १.०.१जीमध्ये दिली. डेबियन व्हीझीमध्ये तेव्हा १.०.१ई होतं. दुरुस्ती आली ती १.०.१ई-२+डेब७यू५ या नावानं. म्हणजे पुढचा नंबर बघणाऱ्याला वाटणार, अरे हा तर अजून 'ई'वरच आहे, 'जी' कुठाय? आणि खरी बातमी शेपटीत, त्या "यू५"मध्ये.

म्हणून स्कॅनरचा रिपोर्ट आला की आधी शेपटी बघा. ॲप्ट चेंजलॉग आणि पॅकेजचं नाव दिलं की त्यात सीव्हीई नंबर शोधता येतो. डेबियन आणि उबुंटू दोघांचेही सिक्युरिटी ट्रॅकर वेबवर आहेत, तिथं सीव्हीई टाकला की तुमच्या रिलीजमध्ये दुरुस्ती कुठल्या व्हर्जनमध्ये आली ते स्पष्ट लिहिलेलं असतं. त्याचा स्क्रीनशॉट ऑडिटरला पाठवा. चांगला ऑडिटर ऐकतो, माझा अनुभव तरी असाच आहे.

एका ओळखीच्या टीममध्ये (कंपनीचं नाव राहू दे) याच्या अगदी उलट झालं. लाल पीडीएफ आली, मॅनेजरनं "आजच्या आज" म्हटलं, आणि कुणीतरी ओपनएसएसएलचं सगळ्यात नवं व्हर्जन सोर्सवरून कंपाइल करून युजर-लोकलमध्ये बसवलं, लायब्ररीचा पाथही तिकडे वळवला. रिपोर्ट हिरवा झाला. सगळे खूश. त्यानंतर वर्षभरात ओपनएसएसएलच्या जेवढ्या दुरुस्त्या ॲप्टनं इमानेइतबारे आणल्या, त्या सगळ्या अशा प्रतीला लागल्या जी कुणी वापरतच नव्हतं. वापरात असलेली प्रत बेवारस. कोठीवाल्याच्या वहीत तिची नोंदच नाही, तर तो बिचारा काय करणार? पुढच्या ऑडिटमध्ये पुन्हा लाल, आणि ज्यानं कंपाइल केलं होतं तो मुलगा तोवर दुसऱ्या कंपनीत.

स्क्रीनवरची ती एक ओळ

अपग्रेड चालवताना ॲप्ट आधी यादी दाखवतो: हे नवीन येतंय, हे बदलतंय, हे थांबवलंय, आणि हे काढून टाकलं जाणार आहे. आपण सगळे काय करतो? वाय, एंटर.

ती "काढून टाकलं जाणार" वाली ओळ वाचा. बाकी काही वाचू नका, पण ती वाचा. नोव्हेंबर २०२१मधला लिनस टेक टिप्सचा तो गाजलेला व्हिडिओ आठवतोय? लिनस सेबॅस्टियन पॉप ओएसवर स्टीम बसवायला गेला. तेव्हा तिथल्या पॅकेजेसमध्ये एक घोळ होता, आणि स्टीम बसवायचं तर अख्खा डेस्कटॉपच काढावा लागेल असा हिशोब ॲप्टनं केला. ॲप्टनं इशारा दिला, एवढंच नाही तर "यस, डू ॲज आय से!" हे पूर्ण वाक्य टाइप करायला लावलं. त्यानं ते केलं. डेस्कटॉप गेला. लोक आजही भांडतात, चूक माणसाची की ॲप्टची. मला वाटतं मुळात चूक पॅकेजच्या घोळाची होती, पण ॲप्टवाल्यांनी पुढं तो वाक्य टाइप करायचा रस्ताच बंद केला, आणि ते बरं केलं. रात्री दोन वाजता माणूस कुठलंही वाक्य टाइप करतो.

प्रॉडक्शनवर आधी नाटक करून बघा. ॲप्ट-गेट डॅश एस अपग्रेड. इथं एस म्हणजे सिम्युलेट. काहीही न बदलता काय झालं असतं ते सगळं सांगतो.

यात दोन गोष्टींवरून फार गोंधळ होतो. साधं अपग्रेड कुठलंही पॅकेज काढत नाही. त्यासाठी काही काढावं लागणार असेल तर तो ते पॅकेज मागे ठेवतो. फुल-अपग्रेड मात्र गरज पडली तर काढतो. म्हणून रोजच्या कामाला साधं अपग्रेड, आणि फुल-अपग्रेड डोळे उघडे ठेवून. दुसरं, उबुंटूवर "केप्ट बॅक" दिसलं की लोक घाबरतात आणि ते पॅकेज नाव देऊन जबरदस्तीनं बसवतात. पुष्कळदा ते फक्त टप्प्याटप्प्यानं सोडलेलं अपडेट असतं: उबुंटू ते आधी थोड्या मशीन्सना देतं, बोंबाबोंब झाली नाही तर बाकीच्यांना. तुमचा नंबर अजून यायचाय, एवढंच. दुसऱ्यांच्या मशीनवर फुकट टेस्टिंग होतंय तर होऊ द्या की.

आणि ऑटोरिमूव्हबद्दल एक. कुणासाठी तरी म्हणून आलेलं आणि आता कुणालाच नको असलेलं पॅकेज तो काढतो. पण समजा तुम्ही एखादं मेटापॅकेज काढलंत, म्हणजे ज्याच्या आत स्वतःचं काही नसतं, फक्त इतरांची यादी असते, तर त्या यादीतली मंडळी एकदम पोरकी होतात. तुमचं ॲप्लिकेशन त्यातलं एक रोज वापरतंय, हे ॲप्टला कुठून कळणार? जे तुम्हाला हवंच आहे ते ॲप्ट-मार्क मॅन्युअल करून ठेवा.

परक्या गावचे पाहुणे

डिस्ट्रिब्युशनमध्ये हवं ते व्हर्जन नसतं, हे खरंच होतं. मग आपण पीपीए किंवा कंपनीची स्वतःची रेपॉझिटरी जोडतो. पोस्टग्रेस, एनजिनएक्स, डॉकर यांच्या अधिकृत रेपॉझिटरी आहेत आणि त्या व्यवस्थित सांभाळल्या जातात. त्या घ्यायला माझी हरकत नाही. एकच काळजी: त्या रेपॉझिटरीची की "साइन्ड-बाय" लावून फक्त तिच्यापुरती बांधा. पूर्वीच्या ॲप्ट-की पद्धतीत एकदा दिलेली की सगळ्याच रेपॉझिटरींसाठी चालायची, म्हणूनच ती पद्धत आता मोडीत काढली आहे.

पण तीन वर्षांपूर्वी एका ब्लॉगवर वाचून जोडलेला, एकाच माणसानं हौसेनं चालवलेला पीपीए? तो माणूस आज काय करतोय ते तुम्हाला ठाऊक आहे का? ॲप्ट-कॅश पॉलिसी चालवून बघा, कुठले कुठले पाहुणे घरात राहतायत ते दिसेल. आणि स्टेबल डेबियनमध्ये अनस्टेबलची रेपॉझिटरी "फक्त या एका पॅकेजसाठी" जोडू नका. ते एक पॅकेज नवी लिबसी मागतं, लिबसी बदलली की तिच्यावर उभं असलेलं सगळं हलतं. डेबियनवाले अशा मशीनला फ्रँकनडेबियन म्हणतात. गंमत म्हणून नव्हे, त्यांना रोज अशी माणसं भेटतात.

सिस्टिमचं पायथन तुमचं नाही

हा भाग मी जरा जोरात बोलणार आहे, माफ करा.

उबुंटूमधलं युजर-बिन-पायथन३ हे उबुंटूनं स्वतःसाठी ठेवलंय. ॲप्टच्या अवतीभवतीची कितीतरी साधनं त्यावर चालतात. कुणीतरी नवं पायथन बसवतो, ती सिमलिंक नव्याकडे वळवतो, आणि दुसऱ्या दिवशी ॲड-ॲप्ट-रेपॉझिटरी चालवल्यावर "ॲप्ट_पीकेजी नावाचं मॉड्यूल सापडत नाही" असा एरर येतो. येणारच. ते मॉड्यूल जुन्या पायथनसाठी बांधलेलं होतं. तुम्ही स्वयंपाकघर बदललं आणि आचाऱ्याला सांगितलंच नाही.

सुडो पिप इन्स्टॉल हा त्याचाच भाऊ. पिपला कोठीवाल्याची वही माहीत नाही, कोठीवाल्याला पिपची. पिपनं रिक्वेस्ट्स नावाची लायब्ररी नवी केली, आणि सिस्टिमचं एखादं साधन जुनीची अपेक्षा ठेवून बसलंय, तर ते साधन मोडतं आणि दोघंही म्हणतात, माझ्या वहीत सगळं बरोबर आहे. म्हणून पायथनवाल्यांनी पेप ६६८ आणलं. डेबियन १२पासून, म्हणजे २०२३पासून, सिस्टिमच्या पायथनवर पिप थेट चालवलं की "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" असा एरर येतो. त्यावर इंटरनेटवरचं सगळ्यात लोकप्रिय उत्तर म्हणजे डॅश डॅश ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस. अहो, नावातच लिहिलंय ना काय होणार ते!

प्रत्येक ॲप्लिकेशनला आपापलं व्हेन्व द्या. आत काय बसलंय त्याची व्हर्जनसकट यादी गिटमध्ये ठेवा. नोडवाल्यांनो, सर्व्हरवर एनपीएम इन्स्टॉल नको, एनपीएम सीआय. तो लॉकफाइलमध्ये लिहिलंय तेवढंच, तसंच बसवतो, आणि लॉकफाइल पॅकेज-जेसनशी जुळत नसेल तर सरळ थांबतो. मार्च २०१६मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अवघ्या ११ ओळींचं पॅकेज लेखकानं रागानं काढून घेतलं आणि जगभरातले बिल्ड पडले, ती गोष्ट माहीत असेलच. लॉकफाइल होती तरी बिल्ड पडलेच, कारण माल जिथून आणायचा तिथूनच गायब. म्हणून महत्त्वाच्या प्रोजेक्टला मधे आपली स्वतःची कॅश किंवा मिरर ठेवतात.

मात्र हेही ध्यानात घ्या: व्हेन्वमधल्या आणि नोड-मॉड्यूल्समधल्या भोकांची जबाबदारी आता तुमची. ॲप्ट तिकडे बघतसुद्धा नाही. कंटेनरचंही तसंच. होस्टवर कितीही अपग्रेड चालवा, इमेजच्या आतलं ओपनएसएसएल जसंच्या तसं राहतं. इमेज पुन्हा बांधावी लागते.

अपग्रेड झालं, पण झालं का?

हा मुद्दा सगळ्यात जास्त निसटतो, म्हणून इथं थोडं थांबू.

ॲप्टनं लायब्ररी बदलली म्हणजे डिस्कवरची फाइल बदलली. एनजिनएक्स तीन आठवड्यांपूर्वी सुरू झालाय. त्यानं तेव्हाच जुनी लायब्ररी मेमरीत ओढून घेतलीय. लिनक्समध्ये फाइल डिलीट केली तरी जोवर कुणी ती धरून बसलंय तोवर तिचा मजकूर जिवंत राहतो. नाव गेलं, पण जीव आहे. म्हणजे डीपीकेजी म्हणणार नवं व्हर्जन, स्कॅनरही पॅकेजची यादी बघून म्हणणार छान, आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कनेक्शनला उत्तर देतोय तो जुनाच, भोकवाला कोड. हार्टब्लीडच्या वेळी नेमकं हेच ओरडून सांगावं लागलं: नुसतं अपग्रेड पुरे नाही, ओपनएसएसएल वापरणारी प्रत्येक सर्व्हिस रीस्टार्ट करा, नव्या की बनवा, सर्टिफिकेट बदला.

बघायचं कसं? एलएसओएफ चालवून डिलीट झालेल्या पण अजून धरलेल्या लायब्ररी शोधता येतात. त्याहून सोपं म्हणजे नीडरीस्टार्ट नावाचं साधन. उबुंटू सर्व्हर २२.०४पासून ते आधीच बसलेलं असतं. अपग्रेडनंतर मधेच ती जांभळी खिडकी उघडते आणि विचारते ना, कुठल्या सर्व्हिसेस रीस्टार्ट करू? तेच ते. लोक एस्केप दाबून पळतात. पळू नका, पण डोळे मिटून ओकेही करू नका. त्या यादीत डेटाबेस असेल तर तो आत्ता दुपारी बारा वाजता रीस्टार्ट झालेला चालेल का, ते ठरवा.

कर्नलचं तर आणखी सरळ आहे. नवं कर्नल बसलं तरी रीबूट होईपर्यंत जुनंच चालतं. लाइव्हपॅच घेतलं असेल तर काही गंभीर भोकं चालत्या कर्नलमध्ये बुजवली जातात, पण तेही कायमचं उत्तर नाही. /व्हार/रन/रीबूट-रिक्वायर्ड ही फाइल दिसली की समजायचं, रीबूट थकलाय. तुमच्यापैकी एकानं अभिमानानं लिहिलं होतं, "आमचा अपटाइम ७०० दिवस". मित्रा, याचा अर्थ ७०० दिवसांपूर्वीचं कर्नल चालू आहे. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट: तो सर्व्हर रीबूट झाल्यावर नीट उठतो का, हे गेल्या ७०० दिवसांत कुणी बघितलेलं नाही. एखादी सर्व्हिस हातानं सुरू केलेली असेल, एनेबल करायची राहिली असेल, एखादा माउंट एफएसटॅबमध्ये नसेल. ते कळायची वेळ तुम्ही निवडलेली बरी, की डेटासेंटरमधली वीज गेल्यावर कळलेलं बरं?

घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं, हे कोडं लहानपणी घातलं असेल तुम्हाला कुणीतरी. उत्तर एकच: फिरवलं नाही म्हणून. चौथा प्रश्न माझ्याकडून घ्या, सर्व्हर का अडला?

आपोआप होऊ द्यावं का?

सिक्युरिटी अपडेट्स, हो. माझं स्पष्ट मत आहे. अनअटेंडेड-अपग्रेड्स हे पॅकेज उबुंटू सर्व्हरवर मुळातच चालू असतं, आणि ठरलेल्या सेटिंगनुसार ते "अपडेट्स" भागातले साधे बदल उचलत नाही, सिक्युरिटीचे उचलतं. रीबूट ते स्वतःहून करत नाही, तुम्ही सांगितल्याशिवाय. जिथं आपोआप नको, उदाहरणार्थ डेटाबेस, तिथं त्या पॅकेजचं नाव ब्लॅकलिस्टमध्ये घाला आणि त्याचं अपग्रेड ठरवलेल्या वेळी, माणूस समोर असताना करा. ॲप्ट-मार्क होल्डनंही थांबवता येतं, पण होल्ड लावून विसरण्याचा रोग फार आहे. शो-होल्ड चालवून बघा, दोन वर्षांपूर्वीचे होल्ड सापडतील आणि का लावले ते कुणालाच आठवणार नाही. होल्ड लावाल त्या दिवशी कारण आणि तारीख कुठंतरी लिहा.

जाता जाता, "डीपीकेजीचं लॉक मिळत नाही" असा एरर आला की लॉक फाइल डिलीट करायचा सल्ला मिळतो. नका करू. बहुतेक वेळा मागे अनअटेंडेड-अपग्रेड्सच चालू असतं. पाच मिनिटं थांबा. मधेच हिसकावलंत तर अर्धवट बसलेली पॅकेजेस घेऊन बसावं लागतं.

आणि उलटं फिरता येतं का? ॲप्टला बरीच वर्षं नीट "अनडू" नव्हतं. रेडहॅटच्या डीएनएफला हिस्टरी अनडू आहे, ॲप्टच्या /व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉगमध्ये फक्त काय झालं ते वाचता येतं. त्यात उबुंटूच्या रेपॉझिटरीत साधारणपणे एखाद्या पॅकेजचं सगळ्यात ताजं अपडेट आणि रिलीजच्या दिवशीचं मूळ व्हर्जन एवढंच मिळतं, मधली गेलेली असतात. म्हणून अपग्रेडआधी व्हीएमचा स्नॅपशॉट घ्या, आणि डेटाबेसचा वेगळा बॅकअप. स्नॅपशॉट परत फिरवला की मधल्या वेळात आलेल्या ऑर्डरीही गायब होतात, हे मॅनेजरला आधी सांगा.

मग सगळं लेटेस्ट का नको?

याचं उत्तर २९ मार्च २०२४ला मिळालं. अँड्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेसवर काम करणारा मायक्रोसॉफ्टमधला इंजिनियर. त्याच्या डेबियन अनस्टेबल मशीनवर एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागत होता. तो मागे लागला, आणि एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशन लायब्ररीत मुद्दाम घातलेला चोरदरवाजा सापडला, ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जन्समध्ये. "जिया टॅन" या नावानं वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं गोडीगुलाबीनं काम करून त्या प्रोजेक्टचा विश्वास कमावला होता.

डिपेंडन्सीच्या दृष्टीनं यातली खरी मेख अशी: ओपनएसएसएच एक्सझेड वापरतच नाही. पण डेबियनसारख्यांनी एसएसएचला सिस्टिमडीला "मी तयार आहे" असं कळवता यावं म्हणून लिबसिस्टिमडी जोडली होती, आणि लिबसिस्टिमडी एक्सझेडची लायब्ररी ओढून आणत होती. पाहुण्याच्या पाहुण्यानं घरात शिरून तिजोरीजवळ बसावं, तसं.

यात कोण सापडलं? फेडोराची रॉहाइड, डेबियनची टेस्टिंग आणि अनस्टेबल, म्हणजे पुढं पळणारे. डेबियन १२ स्टेबलमध्ये तेव्हा ५.४.१ होतं, ते सुटलं. उबुंटूनं २४.०४ची बीटा आठवडाभर पुढं ढकलली आणि पॅकेजेस पुन्हा बांधली.

म्हणून सीनियरांचंही थोडं खरं आणि ऑडिटवाल्यांचंही थोडं. नवी व्हर्जन्स हळू घ्या, सिक्युरिटीच्या दुरुस्त्या लगेच घ्या. स्टेबल रिलीज तुम्हाला नेमकं हेच विकतंय, तेही फुकट.

एक तारीख कॅलेंडरवर हवीच

हा फुकटचा करार मुदतीचा असतो. उबुंटू एलटीएसला पाच वर्षं. २०.०४ची ती मुदत मे २०२५मध्ये संपली, २२.०४ची २०२७मध्ये संपेल. मुदत संपल्यावर ॲप्ट अपडेट शांतपणे चालतो, "सगळं अद्ययावत आहे" म्हणतो, आणि ते खोटंही नसतं: नवीन काही येतच नाही. शांत सर्व्हर सगळ्यात फसवा.

आणखी एक बारकावा. उबुंटूच्या "मेन" भागातल्या पॅकेजेसना कॅनॉनिकलची सिक्युरिटी टीम बघते. "युनिव्हर्स"मधली हजारो पॅकेजेस मुळात कम्युनिटीच्या भरवशावर आहेत. त्यांच्या दुरुस्त्या हव्या असतील तर उबुंटू प्रो लागतं, जे वैयक्तिक वापराला पाच मशीन्सपर्यंत मोफत आहे. प्रो सिक्युरिटी-स्टेटस चालवा, तुमच्या सर्व्हरवरची किती पॅकेजेस कुठल्या भागातली आहेत ते सरळ आकड्यात दिसेल. पहिल्यांदा बघताना जरा बसून बघा.

मुदत संपत आली तर डू-रिलीज-अपग्रेड आहे, पण एलटीएसवरून पुढच्याच एलटीएसवर, मधली पायरी सोडून उडी मारता येत नाही. डेबियनमध्येही तेच. मला विचाराल तर चालत्या सर्व्हरचं रिलीज बदलण्यापेक्षा शेजारी नवा सर्व्हर उभा करावा, त्यावर ॲप्लिकेशन चढवावं, चार दिवस बघावं आणि मग ट्रॅफिक वळवावं. हे करायला बसलात की लगेच कळतं, जुन्या सर्व्हरवर नक्की काय काय आहे याची यादी आपल्याकडे आहे की नाही. ॲप्ट-मार्क शो-मॅन्युअलचं आउटपुट, जोडलेल्या रेपॉझिटरींची नावं, युजर-लोकल आणि ऑप्ट या फोल्डरांमधल्या बेवारस गोष्टी, आणि ईटीसीमधले बदल. ही चार पानं या शनिवारी काढून ठेवा. सर्व्हरला हातही लावायचा नाहीये, नुसतं वाचायचंय.

पुढच्या भागात ईटीसीवरच बोलू, अपग्रेडच्या मधे "तुमची कॉन्फिग ठेवू की पॅकेजवाल्याची घेऊ?" हा प्रश्न येतो तेव्हा डी दाबून फरक कसा वाचायचा, तिथपासून. तुमच्या शो-होल्डमध्ये काय सापडलं ते कळवा.